एका नळावरची माणसं

त्या शनिवारी अप्पा मटार सोलत होते आणि सोललेला एकेक दाणा माझ्या नकाशावर ठेवत होते.

"हा पारूबाईचा," ते म्हणाले. "तळमजल्यावर ठेव. गुडघे गेलेत तिचे. हा तिच्या लेकाचा, तो वर राहील. पिऊन आला तर कसा चढायचा ते त्याचं तो बघेल."

"अप्पा, दाणे घरंगळतात. पेन्सिलीनं नावं लिहू या ना."

"लिहिलं की खोडायला जीव होत नाही. दाणा हलवता येतो."

जानेवारी महिना होता. दत्तवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात फरशीवर नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून. अप्पा पाटावर बसले होते, मी भिंतीला टेकून. आई गेल्यापासून शनिवारची सकाळ मी त्यांच्याकडे घालवायची. बहुतेक वेळा आम्ही फार बोलायचो नाही. पण गेले सहा महिने लोहारदऱ्याचं काम आमच्या मध्ये येऊन बसलं होतं, आणि अप्पा एवढे बोलू शकतात हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळत होतं.

लोहारदरा ही टेकडीच्या पायथ्याची वस्ती. चौऱ्याऐंशी घरं, पत्र्याची आणि अर्ध्या विटांची. त्याच जागेवर त्या लोकांना पक्की घरं बांधून द्यायची एक योजना मंजूर झाली होती, आणि आमच्या ऑफिसकडे तिचा आराखडा आला होता. मी वास्तुविशारद. अप्पा निवृत्त चावीवाले. रस्त्याखालच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीनं फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडणारा आणि बंद करणारा पालिकेचा माणूस म्हणजे चावीवाला. बावीस वर्षं लोहारदऱ्याची लाइन त्यांच्याकडे होती. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की वरच्या घरांना पाणी चढतं, हे त्यांच्या मनगटाला पाठ होतं.

सहा महिन्यांपूर्वी मी त्यांना पहिला आराखडा दाखवला होता. एक लांब इमारत, प्रत्येक मजल्यावर लांब बोळ, बोळावर एकवीस दारं, दोन्ही टोकांना जिने, मध्ये लिफ्ट. असे आराखडे सगळीकडे होतात. मी तो कौतुक होईल म्हणून दाखवला होता.

"हा बोळ कुणाचा?" अप्पांनी विचारलं होतं.

"सगळ्यांचा."

"झाडणार कोण?"

"सगळे मिळून."

अप्पा हसले. "एकवीस घरं मिळून? वैजे, एकवीस घरांनी मिळून आजवर फक्त भांडण केलंय. आणि लिफ्ट बंद पडली की?"

"सोसायटी दुरुस्त करून घेईल."

"म्हणजे बंदच राहील."

मला राग आला होता. मी म्हणाले, "मग तुम्ही सांगा काय करायचं."

त्यांनी थोडा विचार केला आणि मला नळ सांगायला सुरुवात केली. वस्तीत सात नळकोंडाळी होती. चिंचेचा नळ, रडका नळ, पिराचा, वरचा, असे सात. प्रत्येक नळावर कुठं नऊ घरं, कुठं पंधरा. "एका नळावरची माणसं वेगळी असतात," ते म्हणाले. "नातेवाईक नसतात, जातही एक नसते. पण वीस वर्षं रोज एका रांगेत उभी असतात. कुणाचा हंडा आधी लावायचा, कोण बाळंतीण आहे, कोण आज उठलीच नाही, सगळं त्यांना ठाऊक. शिव्या देतील, झिंज्या धरतील. पण एखादी आजारी पडली तर तिचा हंडा रिकामा राहत नाही. भरून दारात ठेवतात आणि वर तिलाच ऐकवतात. तू या बायकांना बोळात कसंही विस्कटून टाकलंस, तर कुणी कुणाचा हंडा भरणार नाही."

मी पुष्कळ वाचलेलं होतं. दूरदूरच्या शहरांत गरिबांसाठी बांधलेल्या इमारती दहा-पंधरा वर्षांत का उजाड झाल्या, यावर जाडजाड ग्रंथ माझ्या कपाटात होते. त्यातल्या एकातही हंड्याची गोष्ट नव्हती. मी घरी जाऊन बोळ खोडला. दोन जिन्यांऐवजी सात जिने काढले. एका जिन्यावर चार मजले, मजल्याला तीन दारं, म्हणजे बारा घरं. एका नळाला एक जिना. बोळ गेला आणि एक गोष्ट आपोआप झाली: प्रत्येक घराला समोरासमोर दोन बाजूंनी खिडक्या मिळाल्या. वारा इकडून येऊन तिकडून जाणार, दिवसा दिवा लावावा लागणार नाही. चारच मजले म्हणून लिफ्ट नको. प्रत्येक जिन्याखाली त्या बारा घरांची स्वतःची टाकी, छपरावरचं पावसाचं पाणी साठवणारी. बोळात जाणारी जागा आणि सिमेंट वाचलं ते जिन्यांना पुरलं.

आमच्या ऑफिसचे प्रमुख शेणोलीकर सर. त्यांनी तो आराखडा बराच वेळ पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "वैजयंती, हे कुठून सुचलं तुला?"

"अभ्यासातून," मी म्हणाले.

अडचण एकच होती. या योजनेत घरं सोडत काढून वाटायची, असा नियम होता. संगणक नावं उचलणार आणि ज्याला जे येईल ते घर. तसं झालं तर सात जिन्यांना काही अर्थ उरत नव्हता. अनोळखी बारा माणसं बोळात काय आणि जिन्यावर काय, सारखीच. सोडत टाळायला एकच वाट होती: कोण कुठल्या जिन्यावर, ही यादी वस्तीच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचायची आणि सगळ्यांची संमती घ्यायची. ती बैठक सोमवारी होती. संमती मिळाली नाही तर सोडत, आणि सोडत असेल तर मग बोळाचा जुना आराखडाच बरा, असं वरून आम्हांला स्पष्ट सांगितलेलं होतं. तो बांधायला सोपा होता.

म्हणून त्या शनिवारी आम्ही शेवटच्या याद्या करत होतो. सर्वेक्षणातली चौऱ्याऐंशी नावं माझ्याकडे होती. त्यांतलं कोण कुठल्या नळावरचं, ते अप्पांच्या डोक्यात होतं.

"चिंचेवर पंधरा होतात," मी म्हणाले. "मला बारा हवीत."

"ती काय तुझ्या नकाशाला विचारून राहतात का?" अप्पांनी तीन दाणे उचलले, तळहातावर खेळवले. "सावंत रडक्यावर गेला तरी चालेल, त्याची बहीण तिथंच आहे. मोमीनचं घर तसंही मधोमध, त्याला पिरावर घाल. आणि हा..." तिसरा दाणा त्यांनी सरळ तोंडात टाकला. "हा खाल्ला. मोजायला चुकलो होतो."

मला हसू आलं. ते मात्र गंभीरपणे चावत होते.

दुपारपर्यंत सातही याद्या झाल्या. मी त्या नीट उतरवून घेतल्या. अप्पांनी उरलेले मटार भातात टाकले. जेवताना ते म्हणाले, "सोमवारी किती वाजता आहे बैठक?"

"अकराला."

"मी येतो."

मी भात कालवत राहिले. "कशाला अप्पा? उगाच दगदग."

"दगदग कसली? बसनं वीस मिनिटं. मागं बसेन. बोलणार नाही काही."

"साहेब लोक असणार, सर असणार. सगळं कागदावर चालतं तिथं. तुम्हांला कंटाळा येईल."

त्यांनी आणखी थोडा भात वाढून घेतला. "बरं. मग आज संध्याकाळी नुसती वस्तीत चक्कर मारून येतो. सहा वर्षं झाली मला तिकडं जाऊन. एकदा डोळ्यांनी बघायला पाहिजे. नळ हलले असतील."

"नळ कुठं हलतात, अप्पा?"

"हलतात गं. माणसं हलवतात."

"नको," मी म्हणाले. माझा आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण त्यांनी वर पाहिलं. "आता बैठकीच्या तोंडावर कुणी जाऊन विचारपूस केली की लोक नाही नाही ते बोलतात. यादी झालीये ना? राहू दे."

अप्पांनी ताटातला शेवटचा घास निपटून घेतला, हात धुतले, टॉवेलला पुसले.

"बरं," ते म्हणाले. "तुला कळतं जास्त."

त्यात टोमणा नव्हता. अप्पांना टोमणा मारता येत नसे. मी चारला निघाले. ते नेहमीसारखे खाली फाटकापर्यंत आले आणि रिक्षावाल्याला, "सावकाश ने रे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते दुपारी जेवून आडवे झाले. चार वाजता शेजारच्या टिकोनेवहिनींचा फोन आला. "वैजू, अप्पा चहाला उठले नाहीत गं. मी हाक मारली, हलवून पाहिलं. तू ये."

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. सगळे डॉक्टर असं म्हणतात की खरंच तसं होतं, मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी त्यांना नेलं. बैठक अर्थातच पुढं ढकलली गेली. सव्वानऊच्या सुमाराला अंगणात पाच माणसं आली, खाकी कपड्यांतली. सकाळची पाळी संपवून तशीच आली होती, पँटी पोटऱ्यांपर्यंत ओल्या. त्यांतले संपत ढवळे अप्पांहून दहा वर्षांनी लहान, अजून नोकरीत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जाऊन अप्पांच्या पायांशी उभे राहिले. बाकीचे चौघे त्यांच्यामागे, ओळीत.

शेणोलीकर सर आले होते. ते माझ्याजवळ उभे होते, हातात निशिगंधाचा हार. त्यांनी त्या पाच जणांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात, फार आदरानं विचारलं, "हे सगळे वडिलांच्या हाताखालचे का?"

आणि मी म्हणाले, "हो."

हे सांगायला हवं. कॉलेजात पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हणाले, पाणीपुरवठ्यात आहेत. ते खोटं नव्हतं. विचारणाऱ्यानं मान डोलावली आणि बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर टेबल, फाइली, गाडी असं काहीतरी आलं असावं. मी ते पुसलं नाही. पुढं ते वाक्य मी फार वेळा म्हटलं. लग्नानंतर मी करंदीकर झाले आणि माझं काम आणखी सोपं झालं, कारण त्या आडनावाच्या बाईला असले प्रश्न फारसे कुणी विचारत नाही. माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. पण ऑफिसात, सरांना, वीस वर्षांपासूनच्या मैत्रिणींना, कुणालाही मी कधी खोटं सांगितलं नाही आणि कधी खरंही सांगितलं नाही. इतकी वर्षं ते तसंच चाललं होतं. 'हो' मात्र मी पहिल्यांदा म्हटलं. अप्पा तीन हातांवर होते.

बैठक वीस दिवसांनी झाली, वस्तीतल्या समाजमंदिरात. खाली सतरंज्या, पुढं एक टेबल. टेबलामागं योजनेचे अधिकारी तांबोळीसाहेब, शेजारी सर, त्यांच्या शेजारी मी. दीडशेच्या वर माणसं होती, त्यांत बायका जास्त. मी भिंतीवर आराखडा लावला आणि पहिल्या जिन्याची यादी वाचायला घेतली.

नावं वाचली गेली तशी कुजबुज झाली, मग हसू फुटलं. "अगं, आपला अख्खा रडका एकाच जिन्यावर!" "म्हणजे भांडायला लांब जायला नको." दुसरी यादी वाचली. पारूबाईचं नाव तळमजल्यावर आलं तेव्हा ती पुढच्या रांगेतून म्हणाली, "माझे गुडघे कुणी बघितले गं यांना सांगायला?" आणि सगळे हसले. तांबोळीसाहेबही हसले. मला वाटलं, झालं.

"जिना तिसरा," मी म्हणाले. "चिंचेचा नळ."

"थांबा हो मॅडम."

उभ्या राहिल्या त्या छबूबाई लोंढे. सर्वेक्षणाच्या वेळी मी त्यांना भेटले होते. घरकाम करत, आणि वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"कुठला चिंचेचा नळ?"

"चिंचेखालचा," मी म्हणाले.

"तो गाडला की! रस्ता केला तेव्हा. तीन वर्षं होतील आता. आम्ही निम्म्या बायका वरच्या नळावर गेलो, निम्म्या रडक्यावर. आधी तिथल्यांनी उभं राहू दिलं नाही, हंडे फेकले आमचे. आता कुठं जुळलंय. आणि तुम्ही मला परत त्या मंगलच्या शेजारी बसवताय?"

"मी पण नाही बसायची तुझ्या शेजारी," मागून मंगल म्हणाली.

मी घरं मोजली होती. भिंती मोजल्या होत्या, माणसं मोजली होती. नळ मोजले नव्हते. नळ मी अप्पांकडून घेतले होते.

"ही यादी इथल्या माणसानं केलेलीच नाही," कुणीतरी म्हणालं. "कुठलीतरी जुनी यादी उचललीये."

"कुणाच्या तरी सोयीची असणार."

"कुणी केली ते सांगा ना, मॅडम!"

दोन मिनिटांपूर्वीचं हसू कुठल्या कुठं गेलं. तांबोळीसाहेबांनी हात वर केला. माणूस चांगला होता, वैतागला नव्हता. "हे बघा," ते म्हणाले, "यादीवर तुमचा विश्वास नसेल तर सरळ सोडत काढू. संगणक कुणाचा मामा नाही. करंदीकर मॅडम, या यादीला आधार काय आहे?"

सर माझ्याकडे झुकले. "सर्वेक्षण म्हणून सांग," ते पुटपुटले. "त्यात चूक राहिली, दुरुस्त करू म्हणावं. एवढ्यावर निभेल."

निभलं असतं का? कदाचित. जिने सातच झाले, हे आत्ताच सांगून टाकते. बायकांनी आणखी तीन बैठका घेऊन याद्या स्वतः दुरुस्त केल्या, आणि आज अकरा वर्षांनी प्रत्येक जिना कोण झाडतं ते त्या जिन्यावरच्या कुणालाही विचारा. पण त्या क्षणी ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की सर्वेक्षण म्हटलं तर ही यादी माझी होईल, चूक कुणाचीच राहणार नाही, आणि अप्पा पुन्हा एकदा कुठंच नसतील.

मी उभी राहिले.

"यादी सर्वेक्षणातली नाही," मी म्हणाले. "ती माझ्या वडिलांनी केली आहे. आठवणीतून. त्यांचं नाव नारायण काळोखे."

मग पारूबाई म्हणाली, "काळोखेदादा? आपले चावीवाले?"

"हो."

"काळोखेदादांची तू लेक?" छबूबाई अजून उभ्याच होत्या. त्या मला 'तू' म्हणाल्या हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "अगं मग आधी नाही का सांगायचं? माझी धाकटी झाली तेव्हा महिनाभर पाणी सोडायच्या आधी दारात येऊन हाक मारून जायचे, छबू, ऊठ म्हणून. कुठायत दादा?"

"गेले," मी म्हणाले. "वीस दिवस झाले."

छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. मागं कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. थोड्या वेळानं त्या बोलल्या तेव्हा आवाज खाली आला होता, पण प्रश्न त्यांनी सोडला नव्हता.

"पण पोरी, ते असं करणारे नव्हते. खड्ड्यात डोकावून बघितल्याशिवाय चावी न फिरवणारा माणूस. एवढी यादी केली आणि इथं एकदा येऊन बघून नाही गेले?"

सर माझ्याकडे पाहत होते. तांबोळीसाहेबही. मी टेबलाची कड धरली.

"ते येणार होते," मी म्हणाले. "गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीच येणार होते. नळ हलले असतील, बघून येतो, म्हणाले. बैठकीला येतो, मागं बसेन, बोलणार नाही, असंही म्हणाले. मी नको म्हणाले. चूक यादीतली आहे, पण त्यांची नाही. ते इथं आले असते तर तुम्ही त्यांना ओळखलं असतं आणि सरांना कळलं असतं की माझे वडील चावीवाले आहेत. मला त्यांची लाज वाटत होती."